ताटलीतलं अंगण

बत्तीस वर्षं मी सौंसरच्या शाळेत पोरांच्या कॉप्या पकडल्या. बाहीतल्या, मोज्यातल्या, कंपासपेटीच्या झाकणावर टोकानं कोरलेल्या. आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी कॉपी मीच पुरवली, तीही माझ्या पोटच्या पोरीला, लघवीच्या परीक्षेत. हसू आलं तर हसून घ्या. आता सत्तरी आली, मलाही हसू येतं. तेव्हा मात्र येत नव्हतं.

झालं असं की माझी अर्चना पहिल्या बाळंतपणाला पांढुर्ण्याहून माहेरी आली. सातवा महिना. आली आणि आठवड्याभरात तिला उन्हाळी लागली. आमच्याकडे लघवीला जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणतात, मग बाहेर कडाक्याची थंडी का असेना. धण्याचं पाणी झालं, सब्जा झाला, कणकण हटेना. डॉक्टरीणबाईंनी लघवीचं कल्चर करून आणायला सांगितलं. म्हणजे लघवीतले जंतू ताटलीत उगवून पाहायचे आणि कोणत्या औषधानं मरतात ते बघायचं. पण रिपोर्ट म्हटलं की माझ्यासारखीच्या डोक्यात निकालपत्रच येणार. हा निकाल जावयाच्या हातानं पांढुर्ण्याला जाईल, विहीणबाई चष्मा लावून वाचतील आणि म्हणतील, आमच्याकडे सहा महिने ठणठणीत होती, आईकडे गेली न् जंतू लावून बसली. तेव्हा बाटली द्यायच्या आदल्या दुपारी एक आणि त्या दिवशी सकाळी एक अशा दोन अँटिबायोटिक गोळ्या मी तिला माझ्या डब्यातून काढून दिल्या. पाहुणे यायच्या आधी आपण घर झाडून घेतो, तसं.

रिपोर्ट आला. ‘वाढ नाही.’ मी देवापुढे साखर ठेवली.

ही कॉपी जिनं पकडली, तिच्याबद्दल लिहायला बसले आहे. मेश्राम बाई.

बसस्टँडसमोर टायरच्या दुकानावरच्या खोलीत त्यांची लॅब होती. मूळच्या बोरगावच्या. वडील दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगिच्यात राबायचे, आणि ही पोरगी नागपूरला जाऊन जंतू उगवायचं शिकून आली. ठेंगणी मूर्ती, जाड काचांचा चष्मा, कोपरापर्यंत धुऊन धुऊन भुरे पडलेले हात. लग्न केलं नाही. काहून नाही केलं म्हणून विचारलं की म्हणायच्या, माझं घरात लक्ष राहत नाही, पेटीत राहते. पेटी म्हणजे उबेची पेटी, जिच्यात त्या ताटल्या ठेवत. दिवाळीलाही ती पेटी रिकामी नसे.

त्यांच्या जिन्यावर चढायला भल्या घरच्या बाया लाजत, कारण बाई बाटली देताना खड्या आवाजात धडा देत. पहिली धार सोडायची, मधली धरायची, शेवटची सोडायची. आणि तो धडा म्हणून दाखवल्याशिवाय बाटली हातात पडत नसे. मी स्वतः तहसीलच्या एका साहेबांना, हाताची घडी घालून, ‘मधली धरायची’ असं पुटपुटताना ऐकलं आहे. एका शेठाणीला जिना चढणं कमीपणाचं वाटलं. तिनं घरच्याच बाटलीत नमुना भरून ड्रायव्हरच्या हातानं पाठवला. बाटली आवळ्याच्या तेलाची. बाईंनी ती चिठ्ठी लावून परत केली: ‘केसांची तब्येत चांगली दिसते. आता लघवी पाठवा.’

बसस्टँड समोर, म्हणून जो तो घाईत. नागपूरची बस सुटते बाई, छिंदवाड्याची लागली बाई, रिपोर्ट द्या. बाई मान वर न करता म्हणत, “बस तुमची हाय, जंतूची नाही. ते आपल्या टायमानं उगवतात.”

मोहगावकडचा एक बगिचावाला बायकोच्या रिपोर्टसाठी नेहमी येई. त्याच्या बगिच्यात संत्री तोडायला जाणाऱ्या बाया सकाळपासून पाणी पीत नसत. पाणी प्यायलं की आडोशाला जावं लागे, आणि आडोसा नव्हता. त्यातल्या तिघीचौघी उन्हाळी घेऊन बाईंच्या जिन्यावर येऊन गेल्या होत्या. बाई त्याला भांडल्या नाहीत. तो आला की रिपोर्ट हातात ठेवत आणि विचारत, बगिच्यात आडोसा हाय का बायांसाठी? दरवेळी तोच प्रश्न, तोच सूर, बाकी चार लोकं बाकावर बसलेली. चौथ्या खेपेला त्यानं जिन्यावरूनच सांगितलं की आडोशाला टिना ठोकल्या बाई, दोन ठिकाणी ठोकल्या.

आता माझ्या डब्याचं सांगते, म्हणजे मूर्खपणा पुरता कळेल. बिस्किटांचा मोठा गोल डबा. घरात कोणीही आजारी पडलं आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या मी त्या डब्यात टाकायची. बऱ्या माणसानं औषध खाणं म्हणजे पोट भरल्यावर जेवणं, असं माझं शास्त्र. मास्तरीण ना मी, प्रत्येक पुडीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: ताप, खोकला, जुलाब, उन्हाळी. गल्लीतल्या बाया यायच्या, ‘बहनजी, उन्हाळीची एक द्या ना.’ मी दोन द्यायची. मन मोठं होतं. डॉक्टरीणबाईंपेक्षा माझ्याकडे गर्दी जास्त, आणि त्या पंचावन्न-सत्तावन्न वर्षांच्या बहनजीला त्याचा भलताच ताठा. आज ती मला रस्त्यात भेटली तर तिचा कान धरून तिला बाकावर उभी करीन.

तर रिपोर्ट ‘वाढ नाही’ आला. पण त्याच्याखाली बाईंनी हातानं एक ओळ लिहिली होती: ‘पू भरपूर दिसतो, तरी वाढ नाही. नमुना पुन्हा द्यावा.’ मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि रिपोर्ट वाचून दाखवला. खालची ओळ सोडून. बत्तीस वर्षं पोरांना सांगत आले, उतारा शेवटपर्यंत वाचा रे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग पाणी भरपूर पाजा, तापाची गोळी द्या, नाही उतरला तर लगेच घेऊन या.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी अर्चनाला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी खाट वाजत होती. कमरेच्या वर, पाठीत, एका बाजूला दुखतं म्हणाली. मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि स्वतःला समजावत होते की रिपोर्ट तर साफ आहे. तेवढ्यात फाटक वाजलं.

मेश्राम बाई. हातात रिकामी बाटली.

“दुसरी बाटली आली नाही म्हणून आली,” त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत त्या आमच्या अंगणाच्या पुढं कधी आल्या नव्हत्या. कोणी बोलावलंच नव्हतं. सौंसर लहान गाव, कोण कुठपर्यंत येतं हे न बोलता ठरलेलं असायचं, आणि ते ठरवणाऱ्यांत आम्हीही होतो. मी दारात आडवी उभी राहून म्हणाले की रिपोर्ट चांगला आला ना बाई, आता कायले पुन्हा. आतून अर्चना कण्हली. बाईंनी चपला काढल्या, मला हातानं बाजूला केलं आणि सरळ खोलीत गेल्या.

पोरीच्या पाठीवर हात ठेवला तशी ती कळवळली. बाईंनी मान वळवून मला विचारलं, बाटली द्यायच्या आधी हिनं काय खाल्लं होतं. मी म्हणाले, काहीच नाही.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. जाड काचांमागून ते डोळे मोठे दिसत. वर्गात मी पोरांकडे असंच बघत आले होते, समोरून कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

“आई,” अर्चना गोधडीतून म्हणाली, “त्या दोन गोळ्या.”

मी डबा आणून पुढं केला. बाईंनी झाकण उघडलं, माझ्या चिठ्ठ्या वाचल्या. ‘उन्हाळी’ची पुडी सोडून गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव कागदावर उतरवलं, किती वाजता दिली ते विचारलं, दुसरी किती वाजता ते विचारलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, “लघवीतले दबले, म्हणून माझ्या ताटलीत उगवले नाहीत. वर किडनीत बसलेले तसेच हायेत. रिक्षा बोलवा.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना त्यांनी सगळं सांगितलं, वेळेसकट. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. ही गोळी पोटुशीला देतच नाहीत म्हणाल्या, आणि सलाईन लावायला वळल्या. नवा नमुना घेतल्यावर अंदाजानं एक इंजेक्शन सुरू केलं. नेमकं औषध कोणतं, ते ताटली सांगणार. आणि ताटलीला दोन दिवस लागणार: एक दिवस जंतू उगवायला, दुसरा दिवस त्यांच्यावर औषधं लावून बघायला.

ते दोन दिवस मी लॅबच्या बाकावर काढले. दवाखान्यात आमचे हे बसले होते, जावई बसले होते. मला तिथं पोरीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. बाकावरून खालचं बसस्टँड दिसे. नागपूरची बस लागे, भरे, सुटे. दुसरी लागे. दवाखान्यातून निरोप येत: ताप एकशे तीन, ताप उतरला, ताप पुन्हा चढला. बाळाचे ठोके जोरात पडत आहेत. अंदाजाचं इंजेक्शन लागू पडत नव्हतं. मी एकदा पडद्याशी जाऊन विचारलं, बाई, जरा लवकर नाही का होणार. त्या पेटीसमोर स्टुलावर बसल्या होत्या, हातात घड्याळ काढून धरलेलं. नेहमीचं वाक्य त्या बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, बसा.

आणि मग, माझ्याकडे पाठ करून, जे बोलल्या ते अजून कानात आहे.

“बहनजी, अर्धा डोस म्हणजे जंतूची शाळा. मरत नाहीत, शिकतात. तुमची एक शाळा सरकारची, एक या डब्यातली. दुसरीचा निकाल जास्त चांगला लागून राहिला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. दोन ताटल्या खिडकीच्या उजेडाला धरल्या. थिजलेल्या थरावर दुधाच्या सायीसारखे जंतू पसरलेले, आणि त्यात कागदाच्या पांढऱ्या टिकल्या, एकेका ताटलीत सहा. प्रत्येक टिकलीला वेगळं औषध लावलेलं. जे औषध जंतूंना मारतं त्याच्या टिकलीभोवती गोल मोकळी जागा राहते. बाई त्या जागेला अंगण म्हणत. पुस्तकात दुसरा काही शब्द असेल, आमच्या गावात हाच होता. अंगण असेल ते औषध चालतं. जंतू थेट टिकलीच्या दाराला येऊन टेकले, तर ते औषध नावापुरतं.

मी टिकल्या मोजल्या. पहिल्या ताटलीत साय सगळीकडे, टिकल्या तिच्यात बुडालेल्या. फक्त एका टिकलीभोवती नखाएवढी पट्टी. बाईंनी तिच्यावर बोट ठेवलं. माझ्या डब्यातलं औषध. धड चालू नाही, धड बंद नाही, म्हणाल्या. आणखी दोनचार जणींना तुम्ही एकेक गोळी वाटा, हेही मिटेल. दुसऱ्या ताटलीत दोन अंगणं होती, स्वच्छ, गोल. माझा श्वास सुटला. बाईंनी त्यातल्या एकावर बोट ठेवलं आणि मान हलवली. हे पोटातल्या बाळाला चालत नाही.

बारा टिकल्या. एकच अंगण उरलं होतं.

त्या इंजेक्शनचं नाव त्यांनी स्वतः डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितलं, अक्षर-अक्षर करून, दोनदा. सौंसरच्या एकाही मेडिकलमध्ये ते नव्हतं. जावई उभ्या बसनं नागपूरला गेले आणि संध्याकाळच्या आत घेऊन आले. पहिला दिवस काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्चनानं चहा मागितला. तिसऱ्या दिवशी ताप गेला, तो परत आला नाही. बाळाचे ठोके ठिकाणावर आले. दीड महिन्यानं सई झाली, वेळेच्या थोडी आधी, पण मोठ्या आवाजाची. आजीवर गेली म्हणतात.

पण त्याआधी, अर्चना अजून दवाखान्यातच होती तेव्हा, पांढुर्ण्याहून विहीणबाई आल्या. आता पांढुर्णा जिल्हा झाला, तर त्या आम्हाला ‘तुम्ही आमच्या जिल्ह्यातले’ म्हणून चिडवतात. तेव्हा जिल्हा नव्हता, पण तोरा होताच. त्यांनी दोन्ही रिपोर्ट पर्समध्ये घातले आणि मला म्हणाल्या, चला, मले त्या लॅबवालीला भेटायचं हाय. टायरच्या दुकानावरचा तो जिना मी इतकी जड कधी चढले नव्हते. बाई खोटं बोलत नाहीत हे अख्ख्या गावाला माहीत होतं. म्हणजे आता माझं नाव निघणार. आणि विहीणबाईंनी एकदा ऐकलं की पांढुर्णा ते सौंसर एकही नातेवाईक ऐकायचा राहणार नाही.

विहीणबाईंनी दोन्ही कागद टेबलावर मांडले. पहिला साफ, दुसरा असा. तीन-चार दिवसांत एवढं कसं झालं, चूक कोणाची, लॅबची का?

मेश्राम बाई चष्मा पदराला पुसत होत्या. माझ्याकडे बघितलं नाही. “पहिली बाटली खराब झाली होती,” त्या म्हणाल्या. “मी दुसरी मागवली.”

“खराब कशानं झाली?”

“होतात बाटल्या खराब, काकू.” आणि पुढच्या बाईला हाक मारून धडा सुरू केला. पहिली धार सोडायची.

विहीणबाई खाली उतरताना म्हणाल्या, बाई उर्मट हाय, पण हुशार हाय. माझी अब्रू वाचवली म्हणून मनातल्या मनात बाईंच्या पाया पडत होते.

पुढच्या आठवड्यात डबा घेऊन मी लॅबमध्ये गेले. बाईंनी सगळ्या गोळ्या ओतून घेतल्या आणि रिकामा डबा माझ्या हातात परत ठेवला, चिठ्ठ्यांसकट. फेकू नका म्हणाल्या, घरी ठेवा. काहून ठेवायचा ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतरही गल्लीतल्या बाया यायच्या, अजून येतात. बहनजी, उन्हाळीची गोळी हाय का? मी म्हणायची, संपल्या. आणि विषय बदलायची.

बाईंना भेटत राहिले, कधी नमुना घेऊन, कधी नुसतीच. त्या घरी चहाला यायला लागल्या. दिवाणखान्यात बसत, पण आधी चहा थंड होईपर्यंत हात धूत. त्यांच्याकडे जाडजूड रजिस्टरं होती. प्रत्येक ताटली त्या पेन्सिलीनं चितारून ठेवत: मोठा गोल, आत सहा ठिपके, ठिपक्यांभोवती जेवढ्यास तेवढं अंगण. चित्र काढायची गरज नव्हती, आकडा लिहिला तरी भागलं असतं. पण आकडा लोकाले दिसत नाही म्हणायच्या.

मग मोठ्या शहरातल्या लॅबची एक खिडकी गावात उघडली. नमुने गाडीनं नागपूरला जायला लागले, रिपोर्ट मोबाईलवर यायला लागला. कोणी धडा म्हणून दाखवायला लावत नाही. बाईंचे डोळेही थकले होते. गेल्या हिवाळ्यात त्यांनी पेटी बंद केली आणि छिंदवाड्याला भाचीकडे राहायला निघाल्या.

त्यांना बसवून द्यायला मी गेले, सोबत सई. बारा वर्षांची झाली आहे. सामान फार नव्हतं. एक बॅग, आणि पोत्यात बांधलेली रजिस्टरं. बस लागायची होती. सईनं पोत्यात काय आहे विचारलं तर बाईंनी गाठ सोडली, एक रजिस्टर तिच्या हातात दिलं, दुसरं काढलं, तिसरं. भराभर पानं पलटायला सांगितली. सईनं अंगठ्यानं पानं सोडली. जुन्या रजिस्टरात अंगणं एवढाली, एकमेकांना खेटणारी. पुढं लहान. आणखी पुढं ठिपक्याला चिकटलेली.

“आजी,” सई म्हणाली, “हे गोल बारीक बारीक होऊन राहिले.”

बाईंनी तिला मधलं एक पान काढून दाखवलं. दोन ताटल्या, बारा ठिपके. एका अंगणाभोवती पेन्सिल दोनदा फिरवलेली. हे तुझं, म्हणाल्या. सईला काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी बसच्या पाटीकडे बघू लागले.

छिंदवाड्याची बस लागली. बाई खिडकीशी बसल्या, पोतं मांडीवर घेतलं. बस सुरू झाली तेव्हा मला राहवलं नाही. खिडकीच्या गजाला धरून मी म्हणाले, बाई, त्या दिवशी विहीणबाईंसमोर तुम्ही माझी अब्रू वाचवली, ते मी विसरले नाही.

त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि म्हणाल्या:

“तुमची अब्रू नाही वाचवली मी, बहनजी. शरमलेली बाई डबा अजून आत ढकलते. मले ही गोष्ट चार बायांत सांगणारी पाहिजे होती. बारा वर्षं झाली, वाट पाहून राहिली.”